एनएफएल प्लेऑफ आणि सुपर बोल: कोणते सामने जागून पाहावेत, आणि नेमकं कशाकडे बघावं? सल्ला हवा

चिंचोका

नमस्कार मंडळी. जानेवारी २०२६ मध्ये सुरू होणारे एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलची लीग) प्लेऑफ पहिल्या फेरीपासून ८ फेब्रुवारीच्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नीट पाहायचे आहेत. मुक्काम ठाणे, सोमवार ते शुक्रवार ऑफिस. म्हणजे तेराच्या तेरा सामने जागून पाहणं जमणार नाही, निवड करावी लागेल.

प्राथमिक नियम येतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड, टचडाऊनचे ६, फील्ड गोलचे ३, इथपर्यंत ठीक. गाडी अडते ती पुढे. मानांकनाचा हिशोब कळत नाही: २०२४ च्या मोसमात १४ सामने जिंकलेल्या मिनेसोटा व्हायकिंग्जना १० जिंकलेल्या रॅम्सकडे पाहुणे म्हणून का खेळावं लागलं? दुसरं, हाफच्या शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात, त्यात घड्याळ कोण थांबवतंय आणि कोण पळवतंय हे समजत नाही. आणि जादा वेळेबद्दल जिथे वाचावं तिथे वेगळाच नियम.

शिवाय तयारी म्हणून जुने चार-पाच सामने सुचवा. 'सगळेच भारी आहेत' नको, क्रम लावून द्या.

पहाटफेरी

आधी वेळापत्रक, कारण झोपेचं गणित त्यावर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हापासून न्यूयॉर्कच्या वेळेत साडेदहा तास मिळवायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते साडेनऊ असतात, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला केलेला तक्ता आता वापरू नका.

वाइल्ड कार्ड फेरी १० ते १२ जानेवारी, सहा सामने. तिकडच्या शनिवारचे सामने सहसा दुपारी साडेचार आणि रात्री आठला असतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे ३ आणि सकाळी साडेसहा. तिकडच्या रविवारी दुपारी एकचा सामना आपल्याकडे रविवारीच रात्री साडेअकराला येतो. पुढचे दोन सोमवारी पहाटे आणि सकाळी, आणि सोमवार रात्रीचा सामना आपल्या मंगळवारी सकाळी. डिव्हिजनल फेरी १७ आणि १८ जानेवारी, चार सामने. कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन भागांच्या) दोन्ही फायनल २५ जानेवारीला, तिकडे दुपारी ३ आणि संध्याकाळी साडेसहा. म्हणजे आपल्याकडे सोमवार २६ जानेवारी, रात्री दीड आणि पहाटे ५. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी! असा योग दरवर्षी येत नाही, तो सोडू नका. सुपर बोल सोमवार ९ फेब्रुवारी, पहाटे ५. ती रजा आत्ताच टाका.

खेळ ६० मिनिटांचा असला तरी एरवीचा सामना तीन ते सव्वातीन तास चालतो. सुपर बोलला साडेतीन-पावणेचार धरा. एरवी हाफटाइम १३ मिनिटांचा, सुपर बोलला गाण्याच्या कार्यक्रमामुळे अर्ध्या तासाच्या घरात जातो (यंदा बॅड बनी गाणार आहे). दात घासणं, अंघोळ, चहा-पोहे सगळं त्यात उरकतं.

काय जागून पाहावं? माझा कौल: डिव्हिजनल फेरीतला रविवारी सकाळी साडेसहाचा सामना, २६ जानेवारीचे दोन्ही आणि सुपर बोल. एकूण चार. वाइल्ड कार्ड फेरीतला एकही नाही. त्या फेरीत तगडा विरुद्ध कच्चा अशा जोड्या बऱ्याच असतात. २०२४ च्या मोसमात तिथल्या सहा सामन्यांपैकी पाच दहाहून जास्त गुणांच्या फरकाने संपले, फक्त कमांडर्सनी बकनिअर्सना २३-२० असं शेवटच्या किकवर हरवलं. उरलेले नऊ सामने चाळीस मिनिटांच्या आवृत्तीत पाहा. भारतात डॅझनवरच्या गेम पासमध्ये दोन डावांमधला (डाव म्हणजे बॉल एकदा खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा खेळ) रिकामा वेळ कापून तेवढाच केलेला सामना मिळतो.

शेषभाग

व्हायकिंग्जचा प्रश्न.

३२ संघ, एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार-चार संघांचे चार गट. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ प्लेऑफला जातात. चार गटविजेत्यांना १ ते ४ मानांकन, उरलेल्यांतल्या सर्वोत्तम तिघांना ५ ते ७. गोम इथे आहे: गटात दुसरा आलेला संघ कितीही जिंको, पाचच्या वर जात नाही. व्हायकिंग्ज १४-३ होते, पण त्यांच्याच गटात डेट्रॉइट लायन्स १५-२. म्हणून व्हायकिंग्ज पाचवे. रॅम्स १०-७ असूनही गटविजेते, म्हणून चौथे. चार विरुद्ध पाच हा सामना चौथ्याच्या घरी. त्यातही लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे तो ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला हलवावा लागला. रॅम्स २७-९ जिंकले. याहून टोकाचं उदाहरण २०१० च्या मोसमातलं. सिअ‍ॅटल सीहॉक्स ७-९, म्हणजे जिंकण्यापेक्षा हरलेले जास्त, तरी गटविजेते. त्यांनी घरच्या मैदानावर गतविजेत्या सेंट्सना ४१-३६ हरवलं. हा नियम अन्यायाचा वाटतो खरा, पण गटातले सामने रंगतात ते त्यामुळेच.

आता जिथे सगळे नवे प्रेक्षक फसतात ते. विश्वचषकासारखा छापील तक्ता भिंतीवर लावू नका. पहिल्या फेरीत २ वि. ७, ३ वि. ६, ४ वि. ५, आणि पहिल्या मानांकनाला बाय, म्हणजे न खेळता पुढची फेरी. पण दुसऱ्या फेरीत पहिल्या मानांकनासमोर उरलेल्यांतला सर्वात खालचा संघ येतो, जोड्या नव्याने लागतात. २०२४ मध्ये एनएफसीतून ईगल्स (२), रॅम्स (४) आणि कमांडर्स (६) पुढे आले. म्हणून लायन्ससमोर कमांडर्स आणि ईगल्ससमोर रॅम्स. लायन्स घरी ४५-३१ हरले, ते सोडा. बाय मिळालेला संघ ताजातवाना असतो, पण तोही एका पराभवात बाहेर.

बाय २०२० पासून फक्त पहिल्या मानांकनाला आहे, त्याआधी पहिल्या दोघांना होती. त्यामुळे साखळीच्या १८ व्या आठवड्यात पहिल्या क्रमांकासाठीच्या झुंजी पाहण्यासारख्या असतात, आणि ज्यांचं मानांकन पक्कं झालंय ते क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला) बसवून ठेवतात. त्या आठवड्याचे निकाल पाहून 'हा संघ ढासळला' असा निष्कर्ष काढू नका.

चिंचोका

हे पहिल्यांदा नीट कळलं. समान विजय असतील तर? नेट रनरेटसारखं गुणांच्या फरकावर ठरतं का?

शेषभाग

नाही, गुणांचा फरक यादीत फार खाली आहे. एकाच गटातले दोन संघ असतील तर: आपसातले सामने, मग गटातली कामगिरी, मग दोघांचे जे समान प्रतिस्पर्धी होते त्यांच्याविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली. त्यानंतर हरवलेल्या संघांचा एकत्रित विजयांक. वेगवेगळ्या गटांतले असतील तर आपसातला सामना (झाला असेल तर), मग आधी कॉन्फरन्समधली कामगिरी आणि त्यानंतर समान प्रतिस्पर्धी, तेही असे सामने किमान चार असले तरच. म्हणून डिसेंबरात ४०-० जिंकून काही हाती लागत नाही. ३-० चालतं, फक्त योग्य संघाला हरवलेलं असलं पाहिजे. व्यवहारात दोन आकडे लक्षात ठेवा: आपसातला निकाल आणि कॉन्फरन्समधला हिशोब. बहुतेक गुंते तिथेच सुटतात.

तीन_टाइमआउट

आता घड्याळ. या खेळात नव्या माणसाने बॉलकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात चार गोष्टी वाचायच्या: गुणांतील फरक, उरलेला वेळ, दोघांचे शिल्लक टाइमआउट आणि बॉल कुठल्या यार्डावर आहे.

घड्याळ थांबतं कधी? पास जमिनीवर पडला, गुण झाले, बॉल दुसऱ्या संघाकडे गेला, टाइमआउट घेतला, किंवा हाफला दोन मिनिटं उरली. ही दोन मिनिटांची सूचना दोघांना फुकटात मिळालेला टाइमआउट समजा. बॉल घेतलेला खेळाडू रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबतं हे अर्धसत्य आहे. पहिल्या हाफची शेवटची दोन मिनिटं आणि दुसऱ्या हाफची शेवटची पाच मिनिटं एवढ्यातच ते पुढच्या स्नॅपपर्यंत (पुढचा डाव सुरू होईपर्यंत) थांबून राहतं. एरवी पंच बॉल जागेवर ठेवून खूण करतो आणि घड्याळ पुन्हा चालू.

पळवलं कसं जातं? मैदानातच पकडला गेला तर घड्याळ चालूच राहतं आणि पुढचा डाव सुरू करायला ४० सेकंद मिळतात. आघाडीवरचा संघ ती सगळी वापरतो. समजा २:०० उरलेत, आघाडीवरच्या संघाकडे बॉल आहे, पहिलाच डाऊन आहे आणि समोरच्याकडे टाइमआउट शून्य. क्वार्टरबॅक गुडघा टेकतो, दोन सेकंद गेले, चाळीस वाहून गेले: १:१८. पुन्हा तेच: ०:३६. तिसऱ्यांदा टेकला की उरलेला वेळ ४० च्या आत, सामना संपला. समोरच्याकडे एक टाइमआउट असता तर चौथ्या डाऊनला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला असता आणि पंट (लाथ मारून बॉल समोरच्याला देणं) करावी लागली असती. म्हणजे एका टाइमआउटची किंमत जवळजवळ ४० सेकंद. प्रत्येक हाफला तीन मिळतात, न वापरलेले पुढच्या हाफला नेता येत नाहीत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये गोंधळ झाला म्हणून टाइमआउट उडवणारा प्रशिक्षक शेवटी रडतो तो यासाठी.

गुणांतील फरक 'बाऱ्यां'मध्ये मोजा, बारी म्हणजे बॉल एकदा ताब्यात असण्याची पाळी. टचडाऊनचे ६ आणि दोन गुणांचा प्रयत्न यशस्वी झाला तर एकूण ८. म्हणून ८ पर्यंतचा फरक म्हणजे एक बारी, ९ झाला की दोन. आठवरून नऊवर जाणं हे चारवरून आठवर जाण्यापेक्षा मोठं.

फील्ड गोलचं अंतर काढायला बॉल असेल त्या यार्डात १७ मिळवा: १० यार्ड एंड झोनचे (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याचे), ७ मागे बॉल पकडणाऱ्याचे. ३५ वर बॉल असेल तर ५२ यार्डांची किक. हे डोक्यात पक्कं बसलं की शेवटच्या मिनिटात संघ नेमका कुठपर्यंत पोचायला धडपडतोय ते आपोआप दिसतं.

दोन बारीक गोष्टी. क्वार्टरबॅक मुद्दाम बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतो, त्यात एक डाऊन खर्च होतो. आणि किमान ३ सेकंद उरलेले असतील तरच त्यानंतर आणखी एक डाव मिळतो. दुसरं, शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ चालू असताना आक्रमण करणाऱ्या संघाच्या चुकीने खेळ थांबला तर १० सेकंद कापले जातात, टाइमआउट शिल्लक असेल तर तो देऊन ती वाचवता येतात. ८ सेकंद उरले असताना अशी चूक झाली आणि टाइमआउट नसला तर खेळ तिथेच खलास.

कोरडी_भेळ

+१. फक्त लाल रुमालाचं राहिलं. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा निर्णयाला आव्हान देता येतं, त्यातलं एक तरी बरोबर ठरलं तर तिसरं मिळतं. आव्हान फसलं की एक टाइमआउट गेला, म्हणजे वरच्या हिशोबाने ४० सेकंद गेले. शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत रुमाल चालत नाही, तिथे वरच्या कक्षातूनच तपासणी होते. टचडाऊन आणि बॉल हिसकावल्याचे निर्णय तसेही आपोआप तपासले जातात.

जुन्या सामन्यांबद्दल. शोधताना आधी एक खोडा: मोसमाचं वर्ष आणि सुपर बोलचं वर्ष वेगळं असतं. '२०२४ चा सुपर बोल' म्हटलं तर फेब्रुवारी २०२४ चा (चीफ्स २५-२२ फोर्टीनाइनर्स) की २०२४ च्या मोसमाचा, जो फेब्रुवारी २०२५ ला झाला (ईगल्स ४०-२२ चीफ्स)? म्हणून क्रमांकाने शोधा. रोमन आकडे असतात, अपवाद फक्त ५० व्याचा.

माझा क्रम. पहिला, २३ जानेवारी २०२२ चा डिव्हिजनल सामना: चीफ्स ४२, बिल्स ३६. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण केले. १३ सेकंद उरले असताना बिल्स तीन गुणांनी पुढे होते. चीफ्सनी दोन डावांत ४४ यार्ड काढले, त्यांच्या बटकरने ४९ यार्डांवरून किक मारली आणि बरोबरी. जादा वेळेत चीफ्सनी नाणेफेक जिंकली, टचडाऊन केलं, आणि बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हातात बॉल आलाच नाही. नियम त्यामुळेच बदलला.

दुसरा, सुपर बोल ५१, फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. फाल्कन्स २८-३ पुढे, पेट्रियट्स ३४-२८ विजयी.

तिसरा, सुपर बोल ४९.

गव्हाळ

५१ वा पहिला दाखवू नका हो. नवा माणूस तिसऱ्या क्वार्टरला २८-३ बघून बंद करेल.

तीन_टाइमआउट

शेवट माहीत असूनही पाहण्यासारखा तोच आहे. चौथ्या क्वार्टरला फाल्कन्स २८-२० पुढे, पाच मिनिटांहून कमी उरलेले, आणि हुलिओ जोन्सच्या अफाट कॅचनंतर बॉल पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर. वरचं गणित लावा: २२ अधिक १७, म्हणजे ३९ यार्डांची किक. ती गेली की ३१-२०, फरक ११, दोन बाऱ्या. नुसता बॉल घेऊन तीनदा पुढे घुसले असते तरी चाललं असतं. एकदा धावले, एक यार्ड गेला. मग पास टाकायला गेले, क्वार्टरबॅक मॅट रायन १२ यार्ड मागे आडवा. मग होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) दंड, आणखी १० यार्ड. बॉल ४५ वर, किकचा विषय संपला, पंट. तिथून पेट्रियट्स ९१ यार्ड चालून गेले आणि दोन गुणांच्या प्रयत्नासकट बरोबरी. लोक पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडीचं कौतुक करतात, ते योग्यच, पण सामना त्या तीन डावांत फिरला. पाहायचा तर चौथ्या क्वार्टरपासून पाहा, गव्हाळ यांची अडचणही सुटेल.

४९ वा यासाठी: सीहॉक्स २४-२८ मागे, एका यार्डावर बॉल, दुसरा डाऊन, २६ सेकंद, एक टाइमआउट. दणकट धावणाऱ्या मार्शॉन लिंचकडे बॉल न देता पास टाकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो पळवला. 'मूर्ख निर्णय' असं सगळे म्हणतात. गणित वेगळं सांगतं. एका टाइमआउटमध्ये तीन प्रयत्न बसवायचे तर त्यातला एक पास असावाच लागतो, कारण तो पडला तर घड्याळ फुकट थांबतं. पास टाकणं चूक नव्हतं, गर्दीच्या मधोमध टाकणं चूक होतं. यावर भांडायला माझी तयारी आहे.

गव्हाळ

भांडत नाही, एका यार्डावर लिंच असताना हे गणित कागदावरच शोभतं एवढं म्हणतो.

क्रमात एक भर. वरचे तिन्ही सामने क्वार्टरबॅक आणि घड्याळाचे आहेत. बचाव कसा सामना जिंकतो ते कळायला सुपर बोल ४२ पाहा: जायंट्स १७, तोवर १८-० असलेले पेट्रियट्स १४. जायंट्सनी बहुतेक वेळा चारच माणसं धाडून ब्रेडीला पाच वेळा पाडलं, उरलेले सात मागे झेल अडवायला मोकळे. त्याला जोडून ५९ व्याचा फक्त पहिला हाफ. ईगल्सनी त्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणूस न धाडता, चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा आडवं केलं. हाफटाइमला २४-०. दोन्हीकडे एकच सूत्र. पहिल्या क्वार्टरमध्ये एवढं मोजा: पास टाकताना समोरून चार जण येतायत की पाच-सहा? चौघांतच क्वार्टरबॅक घाबराघुबरा होत असेल तर तो सामना कुठे चाललाय ते हाफटाइमच्या आधीच कळतं.

५९ व्याचा दुसरा हाफ पाहू नका. ३४-० झाल्यावर उरतं काय.

पहाटफेरी

जादा वेळेचं कोणीच लिहिलं नाही, मीच लिहिते. वेगवेगळे नियम वाचायला मिळतात कारण ते खरंच बऱ्याचदा बदललेत.

२०१० च्या मोसमाआधीचं पाहायची गरज नाही. तेव्हापासून प्लेऑफमध्ये असं होतं की पहिल्या बारीत टचडाऊन झालं तर सामना तिथेच संपला, फील्ड गोल झाला तर समोरच्याला संधी. वर दिलेला बिल्सचा सामना याच नियमात गेला. मार्च २०२२ मध्ये प्लेऑफपुरतं ठरलं की दोघांनाही एकेक बारी मिळणारच. (एकच पळवाट: पहिल्या बारीत बचाव करणाऱ्याने सेफ्टी केली, म्हणजे बॉलवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं, तर खेळ संपतो.) दोन्ही बाऱ्यांनंतर बरोबरी असेल तर पुढे जो आधी गुण करेल तो विजयी. २०२५ पासून साखळीतही दोघांना बारी मिळते, पण तिथे १० मिनिटंच आणि बरोबरी राहू शकते. प्लेऑफमध्ये १५ मिनिटांचे क्वार्टर, निकाल लागेपर्यंत.

हे पाहायला सुपर बोल ५८. फोर्टीनाइनर्सनी नाणेफेक जिंकून बॉल आधी घेतला आणि फील्ड गोलवर अडकले. चीफ्सना आता नेमकं माहीत होतं की तीन हवेत की सहा. म्हणून चौथ्या डाऊनलाही किक न मारता खेळत राहिले आणि हार्डमनच्या तीन यार्डांच्या टचडाऊनवर जिंकले. दुसऱ्याने खेळण्याचा हाच फायदा, पाठलाग करणाऱ्याला लक्ष्य ठाऊक असतं तसा. फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक शानहान यांचा युक्तिवाद असा होता की तिसरी बारी आपल्याला हवी, कारण तेव्हा पहिला गुण पुरतो. चूक म्हणता येत नाही. पण त्यांच्याच काही खेळाडूंनी नंतर सांगितलं की नियम बदललाय हे त्यांना माहीत नव्हतं. ते मात्र अक्षम्य.

टचडाऊनच्या वेळी घड्याळात ३ सेकंद उरले होते आणि अनेकांना वाटलं की शून्य झालं असतं तर चीफ्स हरले असते. नाही. पहिला क्वार्टर संपून दुसरा सुरू होतो, तसं बाजू बदलून खेळ पुढे चालला असता.

ईस्ट_कोस्ट_काका

इकडून थोडी भर. संघांचे दुखापतींचे अहवाल सामन्याच्या आठवड्यात रोज येतात. 'क्वेश्चनेबल' म्हणजे काहीही होऊ शकतं, 'डाउटफुल' म्हणजे बहुधा नाही, 'आउट' म्हणजे नाहीच. अंतिम यादी सुरुवातीच्या ९० मिनिटं आधी लागते, म्हणजे सुपर बोलला तुमच्या पहाटे साडेतीनला. क्वार्टरबॅकच्या खालोखाल डावीकडच्या टॅकलचं (क्वार्टरबॅकला त्या बाजूने राखणाऱ्याचं) नाव बघा. तो नसेल तर गव्हाळ म्हणतात ती चार माणसं तिथूनच घुसतात.

हवामानात बर्फापेक्षा वारा वाईट. बर्फात बचाव करणारेच आधी घसरतात, कारण कुठे वळायचं ते झेल घेणाऱ्याला माहीत असतं. वाऱ्यात मात्र लांब पास आणि किक दोन्ही जातात, तेव्हा १७ च्या गणितात आणखी पाच-सात यार्ड मिळवा. कडाक्याच्या थंडीत बॉल दगडासारखा होतो. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीला उणे २० सेल्सिअसमध्ये डॉल्फिन्स २६-७ हरले. त्याच फेरीत बफेलोचा सामना हिमवादळामुळे रविवारचा सोमवारी गेला, तेव्हा गजर लावण्याआधी वेळ एकदा तपासा. सुपर बोल मात्र सहसा उबदार गावी किंवा छपराखाली असतो. यंदा सांता क्लाराचं लीव्हाइज स्टेडियम, उघडं मैदान, पण हवा सौम्य.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: यंदाचा सुपर बोल एनबीसीवर आहे. साधा अँटेना लावला तर फुकट दिसतो, आणि स्ट्रीमिंगपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट आधी. ॲपवर पाहणाऱ्यांनी व्हॉट्सॲपचे गट बंद ठेवा, नाहीतर टचडाऊन आधी गटात होतं आणि मग पडद्यावर.

चिंचोका

सगळ्यांचे आभार. मग क्रम असा धरतो: बिल्स-चीफ्स २०२२ पूर्ण, ५१ व्याचा चौथा क्वार्टर, ४९ व्याची शेवटची पाच मिनिटं, ५८ व्याचा चौथा क्वार्टर आणि जादा वेळ, ४२ पूर्ण, ५९ पहिला हाफ. अजून एकच: होल्डिंग आणि पास इंटरफिअरन्स (पास झेलताना केलेला अडथळा) यात मोठा दंड कुठला?

कोरडी_भेळ

बचाव करणाऱ्याचा इंटरफिअरन्स. चूक झाली त्याच जागी बॉल ठेवतात, ४० यार्डांवर झाली तर ४० यार्ड मिळाले. बचावातलं होल्डिंग ५ यार्डांचं, पण सोबत पहिला डाऊन आयता मिळतो. ५७ व्या सुपर बोलच्या शेवटी ईगल्सच्या ब्रॅडबेरीला दिलेला दंड तोच: पाच यार्डांना कोण विचारतो, पण चीफ्सना पहिला डाऊन मिळाला, घड्याळ संपवता आलं आणि मग किक मारून ३८-३५. आक्रमण करणाऱ्याचं होल्डिंग १० यार्ड मागे.

अवांतर: फ्लॅग फुटबॉल, म्हणजे आडवं न पाडता कमरेचा पट्टा ओढायचा प्रकार, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ च्या मुंबईतल्या आयओसी अधिवेशनात झाला, क्रिकेटच्या सोबतच. बातम्यांत आपल्याकडे क्रिकेटच दिसलं.

शेषभाग

२०२२ चा सामना पाहताना एक दुरुस्ती मनात ठेवा. तेव्हा किकऑफचा बॉल एंड झोनच्या पलीकडे मारला की समोरचा संघ २५ यार्डांवरून सुरू करायचा. बिल्सनी तेच केलं, सेकंदही गेला नाही, आणि चीफ्सना २५ वरून ४४ यार्ड काढावे लागले. २०२४ मध्ये किकऑफची रचना बदलली आणि २०२५ पासून असा बॉल पलीकडे गेला तर ३५ वर मिळतो. म्हणजे आज तेच १३ सेकंद असते तर पंचवीस यार्डांच्या एका पासवर बॉल समोरच्याच्या ४० वर, आणि ५७ यार्डांची किक हाताशी. तेव्हा यंदा शेवटच्या २० सेकंदांत कोणी आघाडी घेतली की किकऑफ कुठे टाकतात ते बघा: पलीकडे मारली तर दहा यार्ड आंदण, आत टाकली तर परतवताना चार-सहा सेकंद जातात, पण मोठी धाव निघायचा धोका.

तीन_टाइमआउट

आत टाकावी. मोठी धाव क्वचित निघते, सेकंद दरवेळी जातात.